नाकाला दाखवून या

चांदूर रेल्वेला स्टेशनकडून गावात शिरताना बाबांचं दुकान होतं. खतं, बियाणं आणि कीटकनाशकं. पाटीवर पिवळ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं, पण पाटी वाचायची वेळ कुणावर येत नसे, कारण दहा पावलं आधीच वास यायचा. लसूण सडवून त्यात रॉकेल ओतावं तसा काहीसा. मी त्या वासातच लहानाची मोठी झाले. शाळेत बाजूला बसणारी मुलगी एकदा म्हणाली, "तुह्या दप्तराले फवारनीचा वास येते." तोपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्याच घराला असा वास असतो.

बाबांचं नाव पंचक्रोशीत होतं ते दुकानामुळे नाही, नाकामुळे. त्या काळात डुप्लिकेट औषधांचा नुसता सुळसुळाट होता. बाटली खरी, लेबल खरं, सीलही खरं, आणि आत भलतंच काहीतरी. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तीन-तीन वेळा फवारून अळी जशीच्या तशी. त्यामुळे लोक औषध कुठूनही घेत, अमरावतीहून घेत, पण फवारण्याआधी पिशवीत बाटली घालून आमच्याकडे येत. गावागावांत म्हणायची पद्धतच पडली होती, "चांदूरले जा, अन् नाकाले दाखवून या." नाक म्हणजे आमचे बाबा.

त्यांची रीत ठरलेली होती. खराट्याची काडी बाटलीत बुडवायची. थेंब डाव्या हातावर, मागच्या बाजूला अंगठ्याच्या बुडाशी घ्यायचा आणि उजव्या हाताच्या बोटानं चोळायचा. चोळून कातडी गरम झाली की जो वास सुटतो तो खरा, असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटून हात नाकाशी न्यायचे आणि एकच शब्द बोलायचे, "असली" किंवा "पानी". मग हात पायजम्याला पुसायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. त्याच हातानं सुपारी खायचे. हातमोजे खोक्यांबरोबर फुकट यायचे. ते माळ्यावर पडलेले असत आणि दिवाळीला चुना मारताना आई त्यातला एखादा जोड काढायची.

विष आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. प्यायलं तर माणूस मरतो हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण हाताला लागलं, नाकात गेलं, तर काय होतं? थोडं डोकं दुखतं, गुळाचा खडा खाल्ला की उतरतं. जे आज मारत नाही ते मारतच नाही, असा सगळ्यांचा हिशेब होता. मी केमिस्ट्री शिकलेली होते आणि माझाही हिशेब तोच होता, हे इथेच सांगून टाकते.

अमरावतीला बीएस्सी करून मी घरी आले त्या साली ही गोष्ट झाली. पाऊस लागून महिना झाला होता, दुकानात गर्दी होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बाटली पुढे केली. बाबांनी काडी बुडवली, थेंब घेतला, चोळला, डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. मग त्यांनी काडी माझ्याकडे केली.

"तू पाय बरं. बीएस्सी झाली ना?"

म्हातारा हसला. "आता पोरगी परीक्षा घेईन का माह्या दवाईची?"

"तिची परीक्षा घेऊन राहिलो," बाबा म्हणाले.

मी बाबांसारखाच थेंब घेतला, चोळला, हुंगला. ओळखीचा वास होता, पक्का. "असली," मी म्हटलं. बाबांनी मास्तरसारखी मान हलवली. माझी छाती अशी काही फुगली की काय सांगू! विद्यापीठानं दिलेल्या कागदानं जे झालं नव्हतं ते त्या मान हलवण्यानं झालं.

त्यानंतर ते नेहमीचंच झालं. बाबा आधी हुंगायचे आणि मग काडी माझ्याकडे. "सांग." मी सांगायचे. ते मान हलवायचे. लोक म्हणायला लागले, नाक खानदानी आहे. माझं लग्न होईपर्यंत असे चार हंगाम गेले. रोजच्या किती बाटल्या, देव जाणे. सीझनमध्ये रात्री जेवताना भाताच्या घासाला तो वास यायचा, आणि मला त्याचा अभिमान होता. बह्यताडासारखा, अगदी वेड्यासारखा अभिमान होता.

घरात त्याच दिवसांत आणखी काही गोष्टी होत होत्या. गॅसवर दूध करपलं आणि बाजूलाच बाबा पेपर वाचत बसलेले. आई धावत आली, धुरानं घर भरलेलं. "माय माय! तुमचं नाक काय दुकानातच ठेवून आले का जी?" बाबा म्हणाले, "ध्यान नव्हतं." मग ते प्रत्येक भाजीवर वरून तिखट-मीठ घ्यायला लागले. भाजीला चव नाही म्हणायला लागले. आईनं ते मनाला लावून घेतलं. दोन दिवस तिनं त्यांच्याशी अबोला धरला होता. हे सगळं मी पाहत होते. पण दूध, भाजी आणि काडी या तीन गोष्टी मी एका ओळीत कधी मांडून पाहिल्या नाहीत.

तिसऱ्या हंगामात मला एकदा जबरदस्त सर्दी झाली. नाक गच्च बंद. त्या दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस आला. बाबांचा जुना ओळखीचा, मोजकं बोलणारा. बाबांनी हुंगून काडी माझ्याकडे केली. मी हुंगली. काहीच आलं नाही. आता "मला सर्दी आहे" एवढं म्हणायला काय झालं होतं? पण समोर चार माणसं उभी होती, खानदानी नाक म्हणणारी. आणि बाबांनी तर आधीच हुंगलं होतं. माझी नुसती परीक्षा होती. मी म्हटलं, "असली." बाबांनी मान हलवली.

तीन आठवड्यांनी तो माणूस परत आला. ओरडला नाही. रिकामी बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "आळीनं बोंडं खाल्ली, भाऊ. पानी होतं." आणि निघून गेला. बाबा बराच वेळ त्या बाटलीकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "वास आला होता ना तुले?"

"हो," मी म्हटलं.

"मंग चुकलं असन माह्याकडून."

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बाबांचा राग आला. मला सर्दी होती, मान्य. यांच्या नाकाला काय झालं होतं? पण विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माझंही सांगावं लागलं असतं.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. जठारपेठेत घर, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी. तिकडे चांदूरला बाबांनी हुंगणं बंद केलं. कुणी बाटली घेऊन आलं तर म्हणायचे, "आता कायदा कडक झाला. लेबल पाहून घ्या, पावती घ्या." लोकांना वाटलं, पोरगी गेली म्हणून म्हाताऱ्याचं मन लागत नाही. मलाही तसंच वाटलं, आणि छान वाटलं.

बरीच वर्षं गेली. आई गेली. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासायला लागले, जसे काही ते अजून थेंब चोळताहेत. अक्षर बारीक होत गेलं. चालताना पाय जमिनीवरून उचलेना. आम्ही दुकान बंद केलं, त्यांना अकोल्याला आणलं आणि अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. शांत, तरुण डॉक्टर होते. त्यांनी बाबांना बोटं मिटायला-उघडायला लावली, खोलीत चालायला लावलं आणि सांगितलं, पार्किन्सन. आपण कंपवात म्हणतो तो. मग सहज विचारावं तसं विचारलं, "वास येतो का? की कमी झालाय?"

"नाई येत," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. बोट हलत होतं. "हिची बीएस्सी झाली, तवापासून."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. डॉक्टर सांगत होते की या आजारात कधी कधी हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो. माणसाच्या लक्षातही येत नाही. मला अर्धंच ऐकू येत होतं. कारण तो म्हातारा शेतकरी, ती काडी, ते "तू पाय बरं", चारही हंगाम माझ्या डोळ्यांसमोर उलटे फिरत होते. परीक्षा वगैरे काही नव्हती. त्या दुकानात चार हंगाम एकच नाक चालू होतं, आणि ते माझं होतं.

औषधांमुळे झालं का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं. कीटकनाशकांचा आणि या आजाराचा संबंध दिसतो, धोका वाढतो, असं मानतात. पण तुमच्या वडिलांना त्यामुळेच झाला असं मी लिहून देऊ शकत नाही. जन्मभर फवारून ठणठणीत राहिलेले लोक आहेत, बाटलीला हात न लावलेल्यांनाही होतो, काही घरांत रक्तातूनही येतो. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हीही हाताळायचात का?"

"चार हंगाम."

"तुमचा वास वगैरे ठीक?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही.

 परतताना गाडीत, मूर्तिजापूर गेल्यावर, माझं डोकं सणकलं. "बाबा, तुमी मले काहून हुंगाले लावलं?"

"दुकान होतं ना. नाक गेलं म्हटलं असतं, तर कोन आलं असतं?"

"अन् मले काही झालं असतं म्हणजे?"

"तवा कोनाले मालूम होतं? अन् तुहं नाक चांगलं होतं." हे ते कौतुकानं म्हणाले. संतापानं माझे हात थरथरायला लागले, आणि हात थरथरताहेत हे दिसल्यावर मी ते पदराखाली घेतले. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पोटच्या पोरीला खराट्याची काडी हुंगायला देणारा बाप, असं मनातल्या मनात शंभरदा म्हटलं. पण त्यांच्या शर्टाची बटणं त्यांना लागेनात, ती रोज मीच लावत होते. बटण लावता लावता माणसावर किती दिवस रागावणार?

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बाबांना रोज मूठ वळायला आणि उघडायला सांगितलं होतं. त्यातून बाबांनी एक खेळ काढला. संध्याकाळी मी कॉलेजातून येऊन हातपाय धुतले की ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तयार असायचे, मूठ मिटून. "डोये मीट. सांग." मी डोळे मिटायचे, मूठ नाकाशी घ्यायचे आणि सांगायचे. ओवा. हिंग. संत्र्याचं साल. कडुनिंबाचा पाला. ते मूठ उघडायचे, बरोबर असलं की मान हलवायचे, तशीच, मास्तरसारखी. पहिले दोन-तीन दिवस मला वाटलं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय. मग लक्षात आलं की ते माझं नाक तपासताहेत. आठ दिवस मी कामापुरतंच बोलत होते तेव्हा ते काय विचार करत बसले होते, हेही मग लक्षात आलं.  मी मुठीवर नाक ठेवत राहिले.

हे वर्षभर चाललं. गेल्या दिवाळीनंतर कधीतरी एक गोष्ट झाली. प्रयोगशाळेत मुलं सडक्या अंड्यासारखा वास मारणारा तो गॅस तयार करत होती, आणि मागच्या बाकावरून ओरडा झाला, "मॅडम, खिडक्या उघडा ना, लय वास येऊन राहिला!" मी त्या उपकरणाच्या अगदी जवळ उभी होते. खिडक्या उघडल्या, तास संपवला. स्टाफरूममध्ये येऊन डब्यातलं लिंबाचं लोणचं नाकाशी धरलं. काहीतरी होतं. खूप लांबून. कोरोना झाला होता तेव्हा आठ दिवस वास गेला होता, तो पुरता परत आला नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरंही असेल. पण तो परत आला होता, चांगला आला होता, हेही मला आठवत होतं.

घरी मूठ वाट पाहत होती. मी बसण्याआधी ओट्यावर नजर टाकली. बाबांच्या हाताला कंप. काहीही घेतलं की सांडायचंच. ओट्यावर ओव्याचे चार दाणे पडले होते. डोळे मिटले, मूठ नाकाशी घेतली आणि म्हटलं, "ओवा." त्यांनी मान हलवली.

तिथून पुढे मी रोज ओटा पाहायला लागले. हिंगाच्या डबीचं झाकण तिरकं. खुर्चीखाली सालाचा तुकडा. एकदा काहीच दिसेना, तर त्यांच्या बनियनवर खोबरेल तेलाचा डाग सापडला. मला रोज बरोबर येत होतं. परीक्षेत कॉपी करणारी कित्येक पोरं मी पकडली आहेत, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतः कॉपी करत होते, बापाच्या समोर. कशासाठी? त्यांनी मान हलवली की त्यांना रात्री झोप लागेल म्हणून, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. डॉक्टरकडे गेलं की ते मला बोटं मिटायला-उघडायला लावतील, खोलीत चालायला लावतील. न जाणं सोपं होतं. आपण होऊन अर्धा चमचा जास्त मीठ घेताना माझा हात एकदा भाजीवरच थांबला, तरी मी गेले नाही.

परवा संध्याकाळी आले तर ओट्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पाच-सहा पानं विखुरली होती. हातपाय धुतले, बसले. "डोये मीट," बाबा म्हणाले. मी मिटले. मूठ नाकाशी आली, नेहमीसारखी हलत. मी चांगला मोठा श्वास घेतला.

"सांबार," मी म्हटलं.

"पाय बरं नीट."

"सांबारच आहे, बाबा. ताजा."

डोळे उघडले तेव्हा ते मूठ उघडत होते. त्यांना हल्ली वेळ लागतो. आधी करंगळी सुटते, मग बाकीची बोटं. मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. हात साबणानं धुतलेला होता, बोटांच्या बेचक्यात अजून ओल होती.

मी ओट्यावरच्या पानांकडे पाहिलं.

"ते मीच टाकले," बाबा म्हणाले. "आठ दिवस झाले मी पाहून राहिलो, तू बसायच्या आधी तिकडे पायते."

 शरमेनं कान गरम झाले. ते मात्र चिडले नव्हते. बोलताना हल्ली त्यांचा आवाज बसतो, म्हणून मला पुढे वाकावं लागलं.

"त्या मानसाची बाटली पानी निंगाली, त्या दिवशी तुले सर्दी होती. मले मालूम होतं. सकायपासून शिंकून राहिली होती तू."

"मालूम होतं तर मले काहून विचारलं?"

"मंग कोनाले इचारू? माह्या नाकाले?"

 मग बाबांनी माझा डावा हात घेतला, उलटा केला, आणि अंगठ्याच्या बुडाशी, जिथे आम्ही दोघं थेंब घ्यायचो, तिथे त्यांचं हलणारं बोट ठेवलं.

"आज सर्दी हाये का तुले?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली नाही. "मंग उद्या सुट्टी टाक," ते म्हणाले. "त्याच डॉक्टरकडे जाऊ. मी येतो तुह्यासंग."